कानातला कापूस

धुरपता गेली हे मला सकाळी पावणेनऊला कळलं. त्याआधीचे दोन तास मी फार आनंदात होतो. आमच्या पोरीला, चेतनाला, नागपुरात नोकरी लागली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. पावणेसातला माझे डोळे उघडले आणि बाजूला पाहतो तर धुरपता झोपलेली. भिंतीकडे तोंड, ब्लँकेट कानाच्या वर ओढलेलं. एकतीस वर्षांच्या संसारात मी बायकोला झोपलेली पाहिली नव्हती असं सांगितलं तर लोक हसतील, पण तसंच आहे. मी झोपायचो तेव्हा ती जागी असायची, मी उठायचो तेव्हा तिचा अर्धा स्वयंपाक झालेला असायचा. झोपल्यावर ती कशी दिसते हे मला माहीत नव्हतं. मी खाटेवरून अंग चोरून उतरलो, मिलमध्ये चालू पट्ट्याखालून वाकून निघतो तसा. बाहेर जाऊन रस्त्यातच उभा राहिलो आणि दूधवाल्या बिसरामला लांबूनच हात केला की घंटी वाजवू नको. स्वतः चहा केला. चार डबे उघडल्यावर साखर सापडली. सात वाजता तिच्या उशाशी मोबाईल वाजला, मी धावत जाऊन उचलला. स्क्रीनवर तिच्या झोपेच्या ॲपचं आलं होतं, 'शुभ सकाळ धुरपता, कालची रात्र कशी गेली?' आणि खाली पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. ती रोज दुसरा नाही तर तिसरा दाबायची. मी तिच्याकडे पाहिलं आणि पाचवा दाबला. सगळ्यात हसरा. साडेसातला शेजारच्या पुष्पाबाई विरजण मागायला आल्या, मी दारातच तोंडावर बोट ठेवलं.

"काय जी भाऊजी, चोरावानी काऊन उभे राहिले?"

"झोपून राहिली."

"कोन?"

"चेतनाची माय."

"धुरपता? अन् सकारी साडेसातले?" पुष्पाबाईंनी हातातली वाटी छातीशी धरली. "सूर्य कोनीकडून निंगाला पाहू द्या."

"मोबाईलचा गुन आहे."

"मंग थो मोबाईल मलेही देजा. माह्या बुढ्यावर लावून पाह्यतो."

आम्ही दोघं तोंड दाबून हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं, आणि आजपर्यंत ते ऐकू आलं की मी कुठंही असलो तरी उठून उभा राहायचो. पावणेनऊला मी चहा पुन्हा गरम केला आणि तिच्याकडे घेऊन गेलो. हाक नाही मारली. म्हटलं पायाला हात लावू, हळूच जागी होईल. पाय थंड होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय. झोपेतच, रात्री दोन-तीनच्या सुमाराला. साडेदहाला आम्ही दोघंही खाटेवर पडलो होतो, म्हणजे मी तिच्या बाजूला आठ तासांच्या वर झोपलो, त्यातले चार-साडेचार तास ती नव्हती. हे एक. दुसरं मला दुपारी कळलं. बायकांनी तिला आंघोळ घातली, आणि नाका-कानात कापूस ठेवतात तो ठेवायच्या वेळेस पुष्पाबाई बाहेर आल्या. मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "भाऊजी, कानात कापूस तं पयलेच होता. दोनही कानात. थंडीचा घातला असन." मी हो म्हटलं. डिसेंबर होता, थंडी होती. पण धुरपतानं जन्मात कधी थंडीसाठी कानात कापूस घातला नव्हता. ती पहाटे उघड्या डोक्यानं सडा टाकायची. मला माहीत होतं तो कापूस कशाचा.

आदल्या दिवशी संध्याकाळी जेवण झाल्यावर ती मोबाईलवर एका बोटानं काहीतरी लिहीत बसली होती. बराच वेळ. सातवी शिकलेली बाई, अक्षर शोधून शोधून लिहायची. मी विचारलं, "काय लिहून राहिली एवढं?" ती म्हणाली, "तुमच्या घोरन्याचं लिहून राहिलो." आमच्याकडे बायाही असंच बोलतात. मी त्या दिवशी दोन वेळा मशीन खोलून थकून आलो होतो. मला राग आला. मी म्हटलं, "एवढा तरास होते तं कानात बोळे घाल न." तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "घालतोच आज." त्यानंतर आम्ही बोललो ते दार लावलं का, दिवा मालवा, एवढंच. म्हणजे एकतीस वर्षांनंतर शेवटच्या रात्री माझं तोंड दिसू नये म्हणून ती भिंतीकडे वळली आणि माझा आवाज येऊ नये म्हणून तिनं कानात कापूस घातला. आणि तसंच, माझ्याकडे पाठ करून, गेली. हे मी तेरवीला आलेल्या कोणाला सांगितलं नाही. चेतनालाही नाही. सांगून काय सांगणार, की तुझी आई माझ्यावर रुसून मेली.

मी राईस मिलमध्ये मिस्त्री आहे. तेहतीस वर्षं झाली. गोंदियात शेकड्यानं मिला आहेत आणि सीझनला त्या रात्रंदिवस चालतात, तेव्हा मिस्त्रीचं घर म्हणजे मिलच. मी धानाच्या पोत्यांवर झोपायचो, एलिव्हेटरपासून, म्हणजे धान वर चढवणाऱ्या पट्ट्यापासून, दहा हातांवर. तिथं माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, पण मला दोन मिनिटांत झोप लागायची. आणि एलिव्हेटर थांबला की मी उभा. कोणी हलवायला लागत नव्हतं. आवाजानं नाही, आवाज थांबल्यानं जाग यायची. नवीन पोरांना याचं नवल वाटायचं. मी म्हणायचो, अरे, ही काही विद्या नाही. ज्याच्या जिवावर मशीन सोपवली त्याचा कान झोपेतही मशीनपाशी असतो. घरी आलो की मशीन नाही, कानाला काम नाही, मग मी असा झोपायचो की घर उचलून नेलं तरी कळलं नसतं. धुरपता माझ्यासमोरच पुष्पाबाईंना सांगायची, "हा मानूस रातभर मरते, अन् सकारी उठून चहा मांगते." सगळे हसायचे. सगळ्यात जास्त मी.

तिची झोप लग्नापासूनच कमी. तिचं माहेर देवरीच्या पुढं, जंगलाला लागून शेत. धान भरला की रानडुकरं येतात, म्हणून लहानपणी ती बापासोबत मचाणावर जागलीला जायची. जागलीचा नियम ती मला सांगायची: दोघांनी झोपायचं नाही. एक झोपला तर एकानं जागायचं, आणि झोपणाऱ्यानं जागणाऱ्याला सांगूनच डोळे मिटायचे. मी म्हणायचो, इथं गोंदियात कोणती डुकरं येतात, झोप न. गेल्या सहा-सात वर्षांत मात्र तिचं जागणं फार वाढलं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्यांनी दिवसा तिचा तोल जायचा, तिनं सोडून दिल्या. दिवाळीत चेतना आली तेव्हा तिनं आईच्या मोबाईलमध्ये हे झोपेचं ॲप टाकलं. "माय, हे गोळी नाही, शिकवणी आहे. सहा हप्ते करजो," ती म्हणाली. ॲपमधली बाई पुण्यासारखं बोलते. 'आपण काल अंथरुणावर किती वाजता गेलात?' धुरपता पहिल्या दिवशी म्हणाली, "अगे माय, कलेक्टरीन बोलून राहिली का माह्यासंग?" पण तिनं मन लावून केलं. नियम सोपे आणि उलटे होते. झोप येत नसेल तर खाटेवर पडून राहायचं नाही, उठून बसायचं. खाटेवर बसून भाजी निवडायची नाही, मोबाईल पाहायचा नाही, खाट फक्त झोपेसाठी. दुपारची डुलकी बंद. रात्र कशीही जावो, सकाळी उठायची वेळ एकच. आणि जितकी झोप येते तितकाच वेळ खाटेवर. मी म्हणायचो, "झोप काय शाळेत शिकतेत?" ती म्हणायची, "तुमी पहिल्या नंबरनं पास, तुमाले काय ठाऊक."

ती गेली आणि माझी झोप गेली. दुसऱ्याच रात्रीपासून. ज्या माणसाला दोन मिनिटांत झोप लागायची तो मी, घरात एवढी शांतता की कान दुखायचे. डोळा लागला की छातीत धक्का बसायचा, जसा एलिव्हेटर थांबल्यावर बसतो, आणि मी उठून तिच्या जागेकडे पाहायचो. झोपलो तर पुन्हा काहीतरी होईल आणि मला कळणार नाही, एवढंच डोक्यात. दिवसा मिलमध्ये मी एकदा चालू पट्ट्याच्या इतक्या जवळ पेंगलो की हमालांचा मुकादम टिकाराम यानं मला कॉलरला धरून मागं ओढलं आणि सगळ्यांसमोर शिव्या दिल्या. चाळीस दिवस असेच गेले. आणि रोज सकाळी सात वाजता तिचा मोबाईल वाजायचा. 'धुरपता, आपण काही दिवस दिसला नाहीत.' 'धुरपता, आपली वही आपली वाट पाहते आहे.' मी बंद करायचो. एकेचाळिसाव्या दिवशी विचारलं, 'धुरपता, कालची रात्र कशी गेली?' आणि मला कोणीतरी हे विचारावं असं इतकं वाटत होतं की मी उत्तर दिलं. पहिला चेहरा, रडका. बाई म्हणाली, बरेच दिवस झाले, पहिल्या आठवड्यापासून पुन्हा सुरू करू. वय, वजन, तंबाखू. मग विचारलं: 'आपल्यासोबत झोपणारी व्यक्ती सांगते का, की झोपेत आपला श्वास अडकतो?' तीन उत्तरं होती. हो. नाही. माझ्यासोबत कोणी झोपत नाही. मी तिसरं दाबलं. बाई म्हणाली, 'छान. पुढे जाऊ या.'

चेतना फोनवर म्हणाली, "बाबूजी, तुमच्या नावानं नवीन उघडून देते." मी म्हटलं राहू दे. धुरपता चौथ्या हप्त्यापर्यंत आली होती, सहा पुरे व्हायचे होते. अर्धं काम टाकून मिस्त्री घरी जात नाही. तेव्हापासून ॲपसाठी मी धुरपता आहे. त्यात एक आलेख आहे, रोजचा एक ठिपका. तिचे ठिपके बावन्नपासून चढत एकाहत्तरपर्यंत गेलेले. मग एक ठिपका पार वर, मी दाबलेल्या हसऱ्या चेहऱ्याचा. त्याच्यानंतर चाळीस दिवस कोरे, आणि मग माझे, एकोणचाळीसपासून. ॲपला वाटतं एकच बाई आहे, मधे कुठं गावाला गेली होती. तो वरचा ठिपका पुसता येत नाही. चेतनानंही प्रयत्न केला. आलेख उघडला की मी त्यावर अंगठा ठेवायचो.

पण हे आकडे मला समजले, आणि समजले तेव्हापासून माझ्यात जीव आला. खाटेवर किती वेळ पडलात आणि त्यातला किती वेळ खरंच झोपलात, त्याचा टक्का. हा तर उतारा झाला! क्विंटलभर धान टाकला आणि सदुसष्ट किलो तांदूळ निघाला, तर उतारा सदुसष्ट. बाकी कोंडा, भुसा, कणी. माझ्या झोपेची सगळी कणी होत होती, एक दाणा अख्खा नाही. आणि कणी पडत असेल तर मिस्त्री काय करतो? धान कमी सोडतो. हॉपरचं तोंड लहान करतो, मशीनला पचेल तेवढंच देतो. ॲपची बाई तेच सांगत होती, बारा ते पाच, पाचच तास खाटेवर, जास्त नाही. तेहतीस वर्षं मी हेच करत आलो! मी जिद्दीला पेटलो. संध्याकाळी आठनंतर चहा बंद. खाट रिकामी केली, तिच्यावर फक्त चादर आणि उशी. झोप आली नाही तर उठून आंगणात खुर्चीवर. दुपारची वेळ सगळ्यात कठीण, एक ते चार, तेव्हा मी चालायचो. मिलच्या आवाराला फेऱ्या, मग आमगाव रोडनं पुढं, मोहाच्या झाडांपर्यंत. परवा तिथं फुलं पडायला लागली होती, त्या वासानं गुंगी येते म्हणून मी उलटा पळालो. एकोणचाळीसचे छप्पन्न झाले, त्रेसष्ट झाले, सदुसष्ट झाले त्या दिवशी मी मिलमध्ये सगळ्यांना चहा पाजला. मनातून मात्र एक गोष्ट हलत नव्हती. टक्का चढत होता आणि कापूस तसाच होता. डोळे मिटताना रोज तिची पाठ दिसायची. मला वाटायचं, झोप येईल, पूर्ण येईल, पण तिच्या पाठीकडे पाहतच यायची, मरेपर्यंत.

आज सकाळी शहाऐंशी आले. पंच्याऐंशीच्या वर गेलं की बाई पास म्हणते, हप्ते त्याविनाही पुढे सरकतात. मी मिलमध्ये शिरलो तो हसतच. टिकाराम काट्यापाशी पोती मोजत उभा होता.

"काय गा दुलीचंद, लॉटरी लागली का?"

"शहाऐंशी!"

"काय शहाऐंशी?"

"झोप."

"मंग माह्यी तं दोनशे होईन," टिकाराम म्हणाला. "मी बसल्या बसल्या झोपतो, अन् बायको बोलून राहिली तरी झोपतो." पण त्यानं पाठीवर थाप मारली आणि पोरांना ओरडून सांगितलं, "मिस्त्री पास झाला रे!" दोन-तीन पोरांनी शिट्ट्या मारल्या.

दुपारी दीडला, डुलकीच्या वेळेला, मी फेरी मारायला निघालो आणि मोबाईल उघडला. बाईनं लिहिलं होतं, 'अभिनंदन धुरपता. चौथा आठवडा सुरू झाला. आपल्यासाठी विचारांची वही उघडली आहे. झोप येऊ न देणारा विचार इथे लिहा आणि तो खरा आहे का, हे आपण तपासून पाहू.' आणि त्याखाली लहान अक्षरांत: 'एक नोंद अपूर्ण आहे. पुढे चालू ठेवायची का?' तारीख ती गेली त्याच्या आदल्या दिवसाची. वेळ रात्रीचे आठ वाजून दहा मिनिटं. मी भुशाच्या ढिगाऱ्यापाशी उभा होतो. बसलो नाही. उभ्यानंच दाबलं. पहिला रकाना, झोप येऊ न देणारा विचार. तिथं तिनं लिहिलं होतं, जसं बोलायची तसंच:

'मी झोपली तं यायचा श्वास बंद पडन.' यायचा म्हणजे यांचा. माझा.

या विचारावर आपला विश्वास किती, शून्य ते शंभर. 'नव्वद.'

विचार खरा असल्याचा पुरावा. 'रोज थांबते. मी बारा मोजतो. मंग पाय मारतो. मंग येते. सहा सात वर्स झाले.'

विचार खोटा असल्याचा पुरावा. 'मिलची मशीन पाहाले करनालले गेले होते आठ दिवस. तिथं मी नव्हती. जिते आले.'

हा विचार तपासण्यासाठी आपण कोणता प्रयोग कराल? 'आज रातभर कान नाही देनार. भितीकडे तोंड करीन. कानात कापूस घालीन. आता त्यायनंच म्हनलं बोळे घाल. मले हासू आलं.'

त्याच्या खाली दोन रकाने कोरे होते.

मी ते किती वेळा वाचलं माहीत नाही. भुशाची धूळ स्क्रीनवर बसायची, मी बाहीनं पुसायचो आणि पुन्हा वाचायचो. मले हासू आलं. मले हासू आलं. म्हणजे तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं ते रागानं नाही! ती हसू दाबत होती! घालतोच आज, असं म्हणाली तेव्हा ओठ दाबले होते, आता मला ते दिसत होतं, तिनं ओठ दाबले होते आणि मी ते राग समजलो होतो. ती लिहीतच होती की कापूस घालीन, आणि मी समोरून तेच बोललो. मिल चालू होती म्हणून मी मोठ्यानं ओरडलो, कोणाला ऐकू गेलं नाही. मग बाकीचं कळत गेलं, एकामागून एक, पोती उतरावी तसं. रातभर मरते, असं ती म्हणायची ते खरं होतं. मी मरत होतो, ती बारा मोजत होती आणि मला लाथ मारून परत आणत होती, सहा-सात वर्षं, रोज, आणि सकाळी त्याचा विनोद करून सांगत होती. आवाज थांबला की जाग येते, ज्याच्या जिवावर मशीन सोपवली त्याचा कान झोपेतही मशीनपाशी असतो, हे मी पोरांना शिकवत होतो आणि तेच काम माझ्या घरी माझ्यावर चालू होतं. मला कधी तिच्यासाठी जाग आली नाही, कारण धुरपताच्या श्वासाला आवाजच नव्हता. ऐकायचं काय ते मला माहीत नव्हतं. आणि त्या रात्री तिनं पहिल्यांदा जागल खाली ठेवली. मोबाईलवर लिहून, दिवस ठरवून, कानात कापूस घालून. माझ्याकडे पाठ केली ती झोपण्यासाठी! साडेदहापासून दोन-अडीचपर्यंत, कोणाचा श्वास न मोजता, ती झोपली. डॉक्टर म्हणालेच होते, झोपेतच. चार तास म्हणा. लग्नानंतरची तिची सगळ्यात अख्खी झोप, कणी नाही. तिला हसरा चेहरा दाबायचा होता आणि मी दाबला. तो ठिपका बरोबर आहे. त्यावर अंगठा ठेवायची गरज नाही.

मी धावत सुटलो. साठीला आलेला माणूस, मिलच्या आवारात, पोत्यांच्या मधून. टिकारामनं मला येताना पाहिलं आणि तो घाबरला, त्याला वाटलं कोणाचा हात पट्ट्यात गेला.

"रागानं नाही गा! थे रागानं नाही झोपली!"

"कोन?"

मी मोबाईल त्याच्या हातात दिला. टिकारामला वाचायला वेळ लागतो, तो ओठ हलवून वाचतो. कापसाचं त्याला काही माहीत नव्हतं, मी ते तिथंच उभ्या उभ्या सांगितलं, तेरवीपासून पोटात ठेवलेलं सगळं, ओरडून ओरडून, कारण पॉलिशर चालू होता. तो ऐकत होता आणि मधे मधे स्क्रीनकडे पाहत होता. शेवटी त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं.

"बारा मोजत होती?"

"बारा."

"मंग आता कोन मोजते?"

आनंदात माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. पण मला भीती नाही वाटली, खरं सांगतो. उलट मला हसू आलं, धुरपताला आलं होतं तसंच असेल. मी तिथूनच चेतनाला फोन लावला आणि वाचून दाखवलं.

"बाबूजी, ॲपनं पहिल्याच दिवशी विचारलं असन न, श्वास अडकते का म्हणून?"

"विचारलं होतं. संग झोपनारं मानूस सांगते का, असं विचारलं होतं. मी खरं सांगितलं."

"अन् मायनं मले काऊन नाही सांगितलं? मी दवाखान्यात काम करते, बाबूजी. याची तपासणी असते, मशीन असते. मले एक वेळा तरी सांगाचं होतं तिनं."

"सांगितलं होतं, बेटा. सगळ्यायले सांगितलं होतं. तुलेही. आपन हासलो."

पलीकडे ती रडत होती. मग नाक ओढून एकदम तिच्या आईच्या आवाजात म्हणाली, "मंगळवारी सकारच्या गाडीनं नागपूरले यायचं. रातभर तार लावून झोपवतेत अन् सगळं मोजतेत. नाही म्हनसान तं मी येऊन नेईन." मी येतो म्हटलं. तिला वाटलं नव्हतं मी इतक्या लवकर हो म्हणेन. पुढं म्हणाली, "अन् तोवर पाठीवर नाही झोपायचं, कुशीवर झोपायचं." कोणत्या कुशीवर हे मी विचारलं नाही. भिंतीकडे तोंड करून, तिच्या जागेवर, असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

चार वाजता डुलकीची वेळ टळली. मिलच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसून मी वही पुन्हा उघडली. प्रयोगाच्या खालचा पहिला कोरा रकाना: 'आपल्याला ज्याची भीती वाटत होती, ते घडलं का?' हो किंवा नाही. मी सकाळी पावणेसातला उठलो होतो. चालता बोलता होतो. साखर शोधली होती, चहा केला होता, शेजारणीसोबत हसलो होतो. ती रात्रभर जागली नाही आणि माझा श्वास बंद पडला नाही. धुरपताचा प्रयोग पास झाला होता, फक्त तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी 'नाही' दाबलं. बाई म्हणाली, 'फार छान, धुरपता.' आणि दुसरा रकाना पुढे आला. 'प्रयोगाआधी या विचारावर आपला विश्वास नव्वद होता. आता किती आहे?'

मी शून्य टाकून पाहिलं. पुसलं. एका रात्रीच्या भरवशावर धुरपता शून्यावर आली नसती, ती म्हणाली असती, करनालले जिते आले अन् एक रात अजून, दोनच न. चाळीस टाकलं, पुसलं. साठ टाकलं. चहावाल्यानं ग्लास नेला. ते तिनं सांगायचं होतं आणि मला तिच्या डोक्यातला हा एक आकडा, एकतीस वर्षं बाजूला झोपूनही, काढता येत नाही. तो भरल्याशिवाय पाचवा हप्ता उघडत नाही.

तपासणी मंगळवारी आहे. तो आकडा भरायचा राहिला आहे.